दाखल्यावरची तारीख

"इथं सही करा," केंद्रप्रमुख साहेबांनी कागद अन्नपूर्णाबाईंच्या पुढे सरकवला. "आणि इंगळे मॅडम, साक्षीदार म्हणून तुम्ही खाली."

महामाया इंगळेनं तो कागद मधेच उचलून वाचला. तीनच ओळी होत्या. माझ्या निष्काळजीपणामुळे माझा पासवर्ड त्रयस्थ व्यक्तीच्या हाती गेला व त्यातून दोनशे चौदा शेतकऱ्यांच्या तक्रारी बंद झाल्या, याची संपूर्ण जबाबदारी माझी आहे. खाली अन्नपूर्णाबाईंचं नाव, कनिष्ठ लिपिक हा हुद्दा आणि सहीसाठी ठिपक्यांची रेघ.

अन्नपूर्णाबाईंनी पेनाचं टोपण काढून ठेवलं होतं.

"बाई, सही करू नोका," महामाया म्हणाली.

"का? काय खोटं आहे त्यात?" साहेब म्हणाले. "लॉगिन त्यांचं होतं की नाही?"

"होतं."

"मग?"

"मंग ते लाल पान कोनं ठेवलं होतं, ते बी लिवा त्याच्यात."

एरवी साहेबांशी ती शाळेतलं मराठी बोलायची. राग आला की तिच्या गावची, डोणगावची बोली आपोआप बाहेर पडायची, आणि गेला आठवडाभर तिला दुसरं काही आलंच नव्हतं.

हे कृषी माहिती केंद्र तीन तालुक्यांचं होतं. पीकपाण्याची माहिती गोळा करणं हे त्याचं मूळ काम. पण त्या वर्षी, दोन हजार सतरा साली, गुलाबी बोंडअळीनं पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, वाटोळं केलं. ज्या बियाण्याला अळी लागणार नाही म्हणून सांगितलं होतं, त्याचीच बोंडं आतून पोखरून काळी पडली. माणसं पिशव्यांतून ती किडकी बोंडं घेऊन यायला लागली आणि तक्रारी नोंदवायचं काम केंद्राकडे आलं. नाव, गट नंबर, बियाण्याचं वाण, पाकिटावरचा लॉट नंबर. नोंद झाली की पाहणी पथक शेतावर जाणार. पथक येईपर्यंत पीक उभं ठेवायचं, ही मुख्य अट. पऱ्हाटी उपटली की पुरावाच गेला.

महामाया तिथं तीन वर्षं ठेकेदारामार्फत नेटवर्क सांभाळत होती. मागच्या खोलीत एक सर्व्हर होता, त्याचं काम दारवानाचं. केंद्राच्या नेटवर्कवर येणारा प्रत्येक कॉम्प्युटर आधी त्याच्यापुढे थांबायचा, नाव आणि पासवर्ड द्यायचा, मग आत जायचा. पण दारवान खरा की खोटा, हे कॉम्प्युटरनं कसं ओळखायचं? त्यासाठी दारवानापाशी दाखला लागतो, बाहेरच्या विश्वासाच्या संस्थेनं सही करून दिलेला. या सर्व्हरचा दाखला मात्र ठेकेदाराच्या माणसानं सर्व्हरकडूनच बनवून घेतला होता. आपणच आपल्याला लिहून दिलेलं चारित्र्याचं प्रमाणपत्र. त्यामुळे रोज सकाळी प्रत्येक पडद्यावर लाल पान यायचं. हे ठिकाण सुरक्षित नाही, इथं माहिती देऊ नका.

"ते येतच राहते," ठेकेदाराचा माणूस सांगून गेला होता. "अॅडव्हान्स्ड दाबायचं, मग पुढे जा. सगळ्यांना शिकवून द्या."

महामायानं सगळ्यांना शिकवलं. अन्नपूर्णाबाई तेव्हा नव्यानं कॉम्प्युटरवर आल्या होत्या. नवऱ्याच्या जागी नोकरी लागल्यावर वीस वर्षं आवक-जावक पाहिली आणि पन्नाशीत माऊस धरला. त्या लाल पानाला घाबरायच्या.

"माय, हे लाल काऊन येते? माह्या हातानं काई बिघडलं का?"

"काही नाई बाई. रोजच येते. खालचं दाबायचं न् पुढं जायचं."

तरी विसरतील म्हणून तिनं चिठ्ठी लिहून त्यांच्या पडद्याखाली चिकटवून दिली. लाल पान आले तर घाबरू नये. अॅडव्हान्स्ड दाबावे. मग पुढे जा.

हे बरोबर नाही, हे तिला माहीत होतं. म्हणूनच तिनं पत्रं लिहिली. चौदा महिन्यांत तीन. सर्व्हरला पक्कं नाव द्यावं, बाहेरच्या संस्थेचा दाखला घ्यावा, अर्जावर केंद्रप्रमुखांची एक सही लागेल. तिन्ही पत्रांवर साहेबांनी हिरव्या शाईत एकच शेरा मारला होता. चर्चा करावी.

चर्चा कधी झाली नाही. अकरा डिसेंबरला सुलतानपूरचे फकीर मोहम्मद आले.

"मॅडम, हा मेसेज वाचा जरासा. पोरीनं वाचून सांगतला, पन मले पटून नाई राह्यला."

मेसेजात लिहिलं होतं, आपल्या विनंतीनुसार आपली तक्रार मागे घेण्यात आली आहे.

"चाचा, तुम्ही मागं घेतली?"

"काऊन घेईन? दोनदा येष्टीनं आलो मी इथं, बोंडं घेऊन. पथक आज येईन, उद्या येईन म्हनून वावर तसंच ठिवलं. माह्या शेजारच्या महादेवरावले बी हाच मेसेज आला. त्यानं त सारी पऱ्हाटी उपटली, हरभरा पेरला. म्हने, केस गेली, आता वावर कोनासाठी अडकवून ठिवू?"

"आणि तुमची?"

"माही हाय उभी. मेसेज मले कालच दिसला ना. नाईतर म्या बी उपटली असती."

महामायानं नोंदी उघडल्या. दोनशे चौदा तक्रारी, सगळ्या एकाच वाणाविरुद्धच्या, सहा डिसेंबरला दुपारी चाळीस मिनिटांत मागे घेतलेल्या. नाव अन्नपूर्णाबाईंचं. सहा डिसेंबरला महामाया रजेवर होती. त्या चाळीस मिनिटांत अन्नपूर्णाबाई मागच्या पडवीत डबा खात होत्या, हे भगवानराव शिपायानं शपथेवर सांगितलं असतं, कारण तोही शेजारीच जेवत होता.

सर्व्हरच्या नोंदीत बाकीचं सापडलं. अन्नपूर्णाबाईंचं नाव त्या दुपारी त्यांच्या कॉम्प्युटरवरून नव्हे, एका लॅपटॉपवरून आत शिरलं होतं. त्या वाणाच्या वितरकाचा एक प्रतिनिधी तक्रारींच्या सुनावण्यांसाठी म्हणून चार दिवस बाहेरच्या बाकावर बसून होता. पाहुण्यांच्या वाय-फायची चिठ्ठी त्याच्या नावावर होती आणि लॅपटॉप तोच. त्यानं दारवानाच्या पानासारखंच हुबेहूब दुसरं पान तयार करून अन्नपूर्णाबाईंपुढे आणलं होतं आणि त्यात त्यांनी भरलेला पासवर्ड उचलला होता. कॉम्प्युटरनं त्यांना सावध केलं होतं. पण खरं पान आलं तरी लाल आणि खोटं आलं तरी लाल.

"त्या दिवशी पान दोनदा आलं होतं," अन्नपूर्णाबाई आठवून म्हणाल्या. "म्या दोन्ही खेपेले दाबलं. चिठ्ठीत लिव्हलं तसंच."

महामाया उठली. बाहेर जाऊन नळाखाली तिनं बराच वेळ हात धुतले.

आणि आता हा कागद.

"हे बघा," साहेबांनी आवाज खाली आणला, "समिती परवा येते. अन्नपूर्णाबाईंची दोन वर्षं राहिली आहेत. कबूल केलं तर ताकीद देऊन सोडतील. उगाच त्या लॅपटॉपमध्ये शिरलात तर सगळं केंद्र अडकेल."

"लॅपटॉपवाल्याचं नाव नोंदीत आहे, सर."

"नाव कोणीही लिहू शकतं. ते पोलिसांचं काम. तुम्ही एक करा. तो दाखला की काय, तो बदलून टाका. अर्ज आणा, आत्ता सही देतो. समितीनं बघितलं तर लाल पान दिसता कामा नये. दाखला पहिल्यापासून बरोबर होता, एवढंच सांगायचं."

अर्ज तिच्या फायलीत तयार होता, मागच्या वर्षीपासून. साहेबांनी उभ्याउभ्या सही केली. शेरा मारला नाही. सहीची शाई वाळायच्या आत त्यांनी स्वतः शिक्का शोधून उमटवला.

"तुमची मुदत एकतीसला संपते ना?" तिनं अर्ज घेतल्यावर ते म्हणाले. "ठेकेदार मला विचारतोच, बाई कशा आहेत म्हणून."

अन्नपूर्णाबाईंनी पेनाला टोपण लावलं. सही त्यांनी केली नाही, नाही असंही म्हटलं नाही. "उद्या सांगतो साहेब," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी महामायानं काम सुरू केलं. जुना दाखला आणि सहा तारखेच्या सगळ्या नोंदी तिनं आधी वेगळ्या काढून ठेवल्या. मग सर्व्हरला नाव दिलं, दाखल्यासाठी नवी डिजिटल किल्ली बनवली, दाखल्याची मागणी साहेबांच्या सहीच्या अर्जासोबत पाठवली. दुपारी सही झालेला दाखला परत आला. त्याच्यावर सही करणाऱ्याचा दाखलाही त्यामागं जोडावा लागतो, तो जोडला. सर्व्हर पुन्हा चालू केला. अन्नपूर्णाबाईंच्या कॉम्प्युटरवर जाऊन पत्ता टाकला. लाल पान आलं नाही. वरच्या कोपऱ्यात हिरवं कुलूप आलं आणि सरळ नाव-पासवर्डाची चौकट.

सगळं मिळून तिच्या हाताचं काम दीड तासाचं. दीड तास, आणि एक सही. ती पडद्याकडं बघत राहिली. दोनशे चौदा वावरं तिच्या डोळ्यांपुढं आली. काम नीट झाल्याचा आनंद तिला आयुष्यात पहिल्यांदाच झाला नाही.

वीस तारखेला समिती आली. विभागाहून आलेल्या एक बाई अध्यक्ष होत्या आणि त्यांच्यासोबत टिपणं घेणारे एक गृहस्थ. बाई फारसं बोलत नव्हत्या. त्यांनी अन्नपूर्णाबाईंना विचारलं, काय झालं ते सांगा. अन्नपूर्णाबाईंनी लाल पानाचं सांगितलं. साहेब मधेच म्हणाले, "मॅडम, असं कुठलं पान आमच्याकडं येत नाही. आपण स्वतः बघा."

अध्यक्षबाईंनी अन्नपूर्णाबाईंचाच कॉम्प्युटर चालू केला. पान नीट उघडलं. चष्म्यावरून त्यांनी अन्नपूर्णाबाईंकडे बघितलं.

"कुठे आहे लाल?"

अन्नपूर्णाबाईंनी पदर सारखा केला.

"मॅडम, त्या कुलपावर क्लिक करा," भिंतीपाशी उभी असलेली महामाया म्हणाली. "आता दाखला उघडा. कधीपासून लागू आहे, ते वाचता का?"

"एकोणीस डिसेंबर दोन हजार सतरा."

"तक्रारी बंद झाल्या सहा डिसेंबरला."

"हे नूतनीकरण आहे," साहेब घाईनं म्हणाले. "जुना संपला म्हणून नवा घेतला. तांत्रिक बाब आहे."

"मग जुना दाखवा," अध्यक्षबाई म्हणाल्या.

महामायानं आपला लॅपटॉप पुढं ठेवून जुना दाखला उघडला. "हा कोणाला दिला, ते इथं. कोणी दिला, ते इथं."

बाईंनी दोन्ही ओळी वाचल्या. पुन्हा वाचल्या. "एकच नाव आहे."

"हो. सर्व्हरनं स्वतःलेच दिलेला. असला दाखला असला की रोज लाल पान येते. या नव्यावर सही दुसऱ्याची आहे, म्हणून त्याच्यावरची तारीख आपल्याला मागं नेता येत नाही. नाहीतर तेही झालं असतं." तिनं तिन्ही पत्रं, आवक शिक्क्यासकट, टेबलावर मांडली. मग पडद्याखालची चिठ्ठी काढून त्यांच्या शेजारी ठेवली. "आणि हे माह्यं अक्षर हाय. लाल पान आलं तर पुढं जा, असं या बाईले मी शिकवलं. चुकीचं हाय हे माहीत असून शिकवलं. जबाबदारी लिवायची असन त आधी माह्यं नाव लिवा. मंग शेरा मारणाऱ्याचं लिवा. मंग त्या लॅपटॉपवाल्याचं. तेवढं झाल्यावर जागा उरली त या बाईचं पाहू."

टिपणं घेणाऱ्या गृहस्थांचं पेन थांबलं होतं. अध्यक्षबाईंनी तिसऱ्या पत्रावरचा हिरवा शेरा वाचला आणि साहेबांना विचारलं, "मग, चर्चा झाली का?"

साहेबांनी पाणी मागवलं.

अन्नपूर्णाबाईंना ताकीदही मिळाली नाही. साहेबांची महिन्याभरानं बदली झाली, आणि भगवानरावच्या म्हणण्याप्रमाणे चांगल्या जागी झाली. वितरकाच्या प्रतिनिधीवर पोलिसांत तक्रार गेली, तिचं पुढं काही ऐकू आलं नाही. महामायाची मुदत ठेकेदारानं वाढवली नाही. कारण विचारलं तर म्हणाला, जागाच कमी झाली.

दोनशे चौदा तक्रारी मात्र समितीच्या आदेशानं दोन दिवसांत पुन्हा उघडल्या. पीक उभं असेल तिथं पथक पाठवा, असं आदेशात होतं. सगळ्यांना एकदम मेसेज टाकून विचारावं, असं ठेकेदारानं तिच्या जागी पाठवलेल्या नवीन मुलानं सुचवलं, तर अन्नपूर्णाबाई नाही म्हणाल्या.

"मेसेजानंच त घात केला. मी फोन करतो."

महामायाच्या शेवटच्या दिवशीही त्या यादी घेऊन फोनपाशीच बसल्या होत्या. यादीत शेवटचा रकाना होता, पीक उभे आहे का. सुलतानपूरच्या फकीर मोहम्मदांपुढं होय होतं. वरच्या ओळीत ‘नाही’, खालच्या ओळीत ‘नाही’, आणि पुढच्या पानावर तर होय दिसतच नव्हतं. महामाया किल्ल्या परत करायला आली आणि बाजूच्या खुर्चीवर बसली.

"दुसरबीडच्या झुंबरबाई का?" अन्नपूर्णाबाई फोनवर म्हणत होत्या. "मी केंद्रातून अन्नपूर्णा बोलून राह्यली. तुमची तक्रार आमच्या इथून बंद झालती. माह्या नावानं झालती. तुमचं काई चुकलं नाई, बाई. ते आता उघडली. पऱ्हाटी उभी हाय का?"

पलीकडून बोलणं सुरू झालं. आधी हळू, मग चढत्या आवाजात. शब्द महामायापर्यंत येत नव्हते, आवाज येत होता. अन्नपूर्णाबाईंनी डाव्या हातात फोन धरून उजव्या हातानं रकान्यात ‘नाही’ लिहिलं. मधूनमधून त्या होकारानं ‘हाव, बाई’ म्हणत होत्या.

"द्या, मी बोलतो," महामायानं हात पुढं केला.

अन्नपूर्णाबाईंनी मान हलवली. पलीकडची बाई बोलायची थांबेपर्यंत त्या ऐकत राहिल्या. तिनं फोन ठेवल्यावर यांनी ठेवला. मग यादीवर ठेवलेली पट्टी एक ओळ खाली सरकवली, चष्मा पुसला आणि पुढचा नंबर फिरवला.