वाटीतला केस

घरी आलेल्या पाहुण्याला घोटभर चहासुद्धा न पाजता गावभरच्या हॉटेलांतून हिंडवायचं, ही कुठल्या मुलखातली रीत? रणधीरची हीच गोष्ट मथुराबाईंना आधी खटकली. लेक बब्रुवानला घेऊन त्या सास्तूरहून धाराशिवला आल्या होत्या, त्या नातीसाठी, निकितासाठी, मुलगा बघायला. मुलगा म्हणजे हाच रणधीर; सरकारी नोकरीत, घर स्लॅबचं, मागणी कसलीच नाही. बब्रुवाननं मनातल्या मनात सुपारी कधीच फोडली होती. म्हातारीचा होकार तेवढा राहिला होता, आणि म्हातारीच्या शब्दाबाहेर घर जात नव्हतं.

"घरचं काय, रोजचंच," रणधीर म्हणाला. "चला आजी, तुम्हाला आमच्या धाराशिवची चव दाखवतो."

पहिली चव स्टँडजवळच्या भज्यांची. कढईतलं तेल काळंकुट्ट, ट्रॅक्टरमधून काढल्यासारखं. गाडेवाल्यानं ज्या फडक्यानं बाकडं पुसलं त्यानंच बशी पुसली, आणि त्यानंच मानेचा घाम टिपला. मथुराबाईंनी पदर नाकाला लावला. रणधीरनं मात्र चार भजी तोंडात कोंबली आणि तेलकट बोटं बाकड्याच्या खालच्या अंगाला पुसली. त्यांनी ते बघून ठेवलं.

मग रसवंती. बर्फाची लादी पोत्यात, पोतं भुईवर, भुईवर कुत्रं पसरलेलं. ग्लास आणणाऱ्याची चारी बोटं ग्लासात. रणधीरच्या रसात माशी पडली, ती त्यानं नखानं उडवली आणि ग्लास घटाघटा रिता केला. मथुराबाईंनी आपला ग्लास तसाच बाजूला सारला.

"आई, शहर हाय, चालायचंच," बब्रुवान पुटपुटला.

"का? शहरातल्या माश्या आंघोळ करून येतात व्हय रं?"

शेवटी एका बोळातली कडूबाईची खानावळ. मथुराबाई आत शिरल्या त्या खोट काढायच्या तयारीनंच. पण ओटा लख्ख होता, घागरीवर धुतलेलं फडकं होतं. साठी उलटलेली कडूबाई पांढऱ्याशुभ्र केसांवर रुमाल घट्ट बांधून भाकऱ्या थापत होती. मटणाचा रस्सा समोर आला. सकाळपासून उपाशी असलेल्या मथुराबाईंनी भाकरी मोडली, बुडवली आणि पहिल्याच घासाला मान डोलावली.

रणधीरच्या वाटीतले मटणाचे तुकडे केव्हाच संपले होते. त्यानं इकडंतिकडं बघितलं, कानामागं हात नेला, एक काळा केस उपटला आणि वाटीत सोडला. मग बब्रुवानला डोळा मारला.

"बघा गंमत. दुसरी वाटी फुकट."

आणि लगेच आवाज चढवला, "ओ बाई! काय खायला घालताय हे? केस निघाला वाटीत!"

कडूबाई पिठाच्या हातानंच धावत आली. "दादा, माफी करा. दुसरी देते." बोलता बोलता ती पुन्हा पुन्हा डोक्यावरचा रुमाल चाचपत होती.

"असल्या घाणेरड्या हातचं खाऊन माणसं मरतील की!"

पलीकडच्या बाकावरच्या दोघांनी ताटं पुढं सारली आणि ते उठले. कडूबाईनं भरलं पातेलं उचललं. "सगळंच ओतून टाकते," ती म्हणाली.

मथुराबाईंनी हातातली भाकरी ताटात ठेवली. भज्यांची, माशीची आली नव्हती एवढी शिसारी आता रणधीरची आली. बब्रुवाननं बाकाखालून त्यांचा हात दाबला. "आई, गप बस. पोरीच्या जन्माचा प्रश्न हाय."

"म्हणूनच बोलते," म्हणत त्या उठल्या. "बाई, ठेवा ते पातेलं खाली. केस यानं टाकला. म्या बघितला, माझ्या लेकानंबी बघितला. आन् तुमच्या डोईवर काळा केस औषधालाबी न्हाय."

उठलेले दोघं दारातच थबकले. बब्रुवाननं मान खाली घातली, पण नाही म्हणाला नाही.

मथुराबाईंनी लेकाला दाराकडं चलायची खूण केली, तसा रणधीर हसला. "आजी, गंमत केली हो. एवढ्याशा केसावरनं सोयरीक मोडता का?"

"मोडली," मथुराबाई म्हणाल्या. "तुझी ती माशी म्या डोळे मिटून सोसली असती. पण एका वाटीपायी राबत्या बाईला तू चारचौघांत घाणेरडी ठरवलंस. उद्या माझ्या नातीनं वाढलेल्या ताटात असाच केस टाकशील, आन् वर तिलाच माफी मागायला लावशील. तुझ्या घरात आमची पोरगी यायची न्हाय."