नणंदेचं नाक

ऐन वाइन चाखायच्या दिवशी हॉटेलच्या मालकिणीचं नाक चोंदलं. ऑस्ट्रेलियाच्या स्वस्त पण वेगळ्या रीतीने केलेल्या वाइन घेऊन आलेला विक्रेता टेबलावर बाटल्या मांडून बसला होता. दुसरी कुणी असती तर तिने त्याला परत पाठवलं असतं. हिने स्वयंपाकघरातून नणंदेला बोलावून घेतलं.

"वन्सं, वास तुम्ही घ्या, चवीचं मी बघते."

"अगं, मला यातलं ओ का ठो कळत नाही."

"दूध नासलेलं तुम्हाला दारातून कळतं. तेवढं पुरे."

पहिली वाइन न गाळलेली, गढूळ होती. नणंदेला कापलेल्या सफरचंदाचा वास आला. मालकिणीने घोट घेतला. बुडबुडे जिभेवर चुरचुरले, आंबटपणाही बेताचा होता. "ही ठेवू," ती म्हणाली.

दुसरी चक्क नारिंगी निघाली. हिरवी द्राक्षं सालांसकट महिनाभर आंबवली होती.

"संत्र्याची साल," नणंद म्हणाली, "आणि जास्त उकळलेला चहा."

मालकिणीच्या जिभेलाही तोच तुरटपणा लागला. भाजलेल्या मटणाबरोबर ही झकास लागणार, हे तिने तिथेच ताडलं.

"रंग बघून लोक बिचकतात, मॅडम," विक्रेत्याने प्रामाणिकपणे सांगितलं.

"मी वाढेन, तेव्हा पितील."

तिसरी मातीच्या रांजणात मुरवलेली, सगळ्यांत गाजलेली होती. नणंदेने तोंड वाकडं केलं. "ओलं फडकं."

मालकिणीने तो पेला उचललासुद्धा नाही. तिने पहिल्या दोन्ही वाइनची खोकी मागवली. नणंद मात्र नारिंगी वाइनचा उरलेला पेला घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि त्यातला घोटभरही कुणाला दिला नाही.