आई इथेच राहते

सकाळी सव्वादहाला मदत कार्यालयाचा तपासनीस दारात उभा राहिला, आणि साडेदहाच्या आत थोरली त्याच्याशी खोटं बोलून मोकळी झाली.

त्याने विचारलं, "आई इथेच राहतात ना?"

"इथेच राहते. आत्ता दवाखान्यात गेलीय."

आई तीन महिन्यांपासून धाकटीकडे होती, शेजारच्या राज्यात. गेली होती हवापालटाला. मग फोनवर "इथे खिडकीतून झाडं दिसतात" सुरू झालं, मग "धाकटीने न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घेतला". शेवटी एकदा आई सहज म्हणाली, "आता मी इथेच राहीन म्हणते." जशी काही भाजी कोणती आणायची ते सांगत होती.

थोरलीने नऊ वर्षं आईला सांभाळलं होतं. पुढच्या खोलीत तिचं कपडे दुरुस्तीचं काम चाले. चेन बदलणं, पँटचे पाय खालून दुमडणं, झंपर उसवून सैल करणं. मधल्या दारातून आईची खाट दिसायची. पायाखाली मशीन चालू असतानाही आईचा श्वास कधी बदलला ते तिला कळायचं. पण तिला दांडा सुचला नव्हता. ते तिला सगळ्यांत जास्त लागलं.

तपासनीसाने आत डोकावून पाहिलं. खाटेवर धुतलेली चादर, उशाशी जुना चष्मा आणि बाजूला श्वासाचं यंत्र. हे यंत्र आणि छातीची औषधं आईला सरकारी मदतीच्या कार्डावर मिळत. यंत्र राज्याबाहेर न्यायला मनाई होती, म्हणून ते इथेच राहिलं. थोरली रोज ते पुसायची. चादरही आठवड्याला बदलायची. का, ते कोणी विचारलं नव्हतं.

"तिकडून अर्ज आलाय की त्या तिकडे राहायला गेल्या," तपासनीस म्हणाला. "दोन राज्यांची मदत एकदम चालत नाही. इथलं बंद झालं की तिकडचं सुरू. तुम्ही म्हणता त्या इथेच, तर तो अर्ज आपोआप रद्द होणार. चालेल ना?"

"माझ्या बहिणीला घाई फार," थोरली म्हणाली. "लहानपणापासून."

तो हसला. "आमच्या घरीपण एक आहे तसली." त्याने मोबाइलवर टिचक्या मारल्या, पाणी प्यायला आणि गेला.

धाकटीने आठ दिवस आधीच बजावलं होतं, "ताई, माणूस आला की एवढंच सांग, आई आता इथे राहत नाही. बाकी मी बघते." त्यातलं "बाकी मी बघते" थोरलीला तेव्हापासून टोचत होतं. तीन महिने बघितलं, तर ही बघणारी! आणि नऊ वर्षं कोण बघत होतं, शेजारीण?

त्या दुपारी तिने एका शाळेच्या गणवेशाची चेन उलटी लावली. उसवली, पुन्हा लावली. मनातल्या मनात मात्र गार वाटत होतं. आई सरकारदरबारी तरी तिच्या घरात होती. धाकटीने झाडं दाखवावीत खुशाल.

तीनला फोन आला.

"ताई, अगं अर्ज फेटाळला! लिहिलंय की आई तिकडेच राहते. तो माणूस आलाच नव्हता का?"

"आला होता."

"मग तू काय सांगितलंस?"

थोरली दाताने दोरा तोडत राहिली.

"ताई, इथल्या दवाखान्याने यंत्र उसनं दिलंय. सोमवारी परत मागतायत. कार्ड दाखवा नाहीतर यंत्र द्या, असं सरळ तोंडावर म्हणाले. काल रात्री आईला दोनदा लावावं लागलं."

"मला नाही कळवलंस ते."

"तुला कळवलं की तू म्हणतेस, माझ्याकडे असताना असं होत नव्हतं."

हे खरं होतं, म्हणून थोरलीला जास्तच राग आला. तेवढ्यात फोन आईने घेतला. दर दोन शब्दांमागे दम खात ती बोलत होती.

"अगं, हिचं मनावर घेऊ नकोस. ही उगाच घाबरते. त्या माणसाचीच काहीतरी चूक असेल. तू नीटच सांगितलं असशील. तू पहिल्यापासून समजूतदार."

समजूतदार. लहानपणापासून हा शब्द थोरलीला बक्षिसासारखा मिळत आला होता, आणि प्रत्येक वेळी त्याच्याबरोबर हातातलं काहीतरी धाकटीकडे गेलं होतं. निळी छत्री, खिडकीजवळची जागा, आता आई.

"आई, परत ये ना इकडे," ती म्हणाली. "यंत्र इथे आहे. खाट आहे. मी न्यायला येते."

पलीकडे नुसता श्वास ऐकू आला. मग आई हळूच म्हणाली, "बाळाला विचारते हं."

बाळ म्हणजे धाकटी. वय वर्षं एक्केचाळीस.

थोरलीने फोन ठेवला. आत जाऊन ती खाटेच्या कडेवर बसली आणि यंत्राचं बटण दाबलं. नळीतून हवा सुटली. ती बराच वेळ तशीच सुटत राहिली, रिकाम्या खोलीत, कोणाच्याच नाकाला नाही. मग तिने बटण बंद केलं, पायात चपला सरकवल्या आणि दाराला कुलूप लावलं.

मदत कार्यालयात एकच खिडकी चालू होती. तपासनीस फिरतीवर होता. रांग संपली तेव्हा आतल्या बाई पर्स आवरत होत्या.

"सकाळच्या तपासणीत बदल करायचाय," थोरली म्हणाली.

"म्हणजे सकाळी चुकीचं सांगितलंत?"

"हो."

बाईंनी कपाळाला आठ्या घालून संगणक पुन्हा उघडला. "बोला लवकर. आई कुठे राहतात?"

खिडकी पाचला बंद होते. भिंतीवरच्या घड्याळात पाचला चार मिनिटं होती. "आई आता इथे राहत नाही," थोरली म्हणाली.