बाहेरची लाइन

बोर्डावरचा तिसरा दिवा लुकलुकला. तिसरी म्हणजे बाहेरची लाइन. तिने हेडफोन कानावर नीट बसवला, खटका दाबला आणि इस्पितळाचं नाव सांगितलं.

"अहो बाई, त्वचेचे डॉक्टर कधी बसतात?"

"अकरा ते एक, आजोबा. येताना जुने कागद आणा."

दिवा विझला. तिने रुमालाला तळहात पुसले. सकाळपासून असे कितीतरी फोन झाले होते आणि प्रत्येक वेळी तिला वाटलं होतं, हाच तो.

जिन्याखालच्या या खोलीत ती एकोणीस वर्षं बसत होती. एक खुर्ची, एक बोर्ड आणि भिंतीवर विभागांच्या नंबरांचा तक्ता. तोही आता तिला बघावा लागत नसे. सगळं इस्पितळ तिला 'ऑपरेटर' म्हणे. वरचे साहेबही. रोज नऊला त्यांचा आवाज यायचा, "ऑपरेटर, लाइन द्या," आणि ती द्यायची. जिना उतरून ते कधी खाली आले नव्हते.

कामाला बसण्याआधी ती डोळे मिटून हात जोडायची. तिचा एकच नेम होता. लाइन जोडली की खटका सोडायचा, दुसऱ्याचं बोलणं ऐकायचं नाही. ऐकता येत होतं. तिच्या आधीची बाई म्हणे विणकाम करत दुपारभर ऐकत बसायची. हिने एकदाही ऐकलं नव्हतं.

सगळं सुरू झालं ते घंटीमुळे. घंटी तिची मैत्रीण. दोघी एकाच वर्गात हे काम शिकल्या. आवाज असा खणखणीत, की शिकवणाऱ्या बाईंनीच ते नाव पाडलं. महिन्यापूर्वी भाजी घेताना भेटली आणि बोलता बोलता आपला पगार सांगून गेली. हिच्या बरोबर दुप्पट.

"अगं, तुला एवढाच?" घंटी एवढ्या मोठ्यानं ओरडली, की चार लोक वळून बघायला लागले. "परीक्षेत पहिली आलीस तू, मी काठावर पास! त्या जिन्याखाली काय अंडी उबवतेस का?"

"हळू बोल गं."

"हळू बोलतेस म्हणून तर ही गत. आमच्या शेजारच्या कंपनीत ऑपरेटर हवीय. मी शब्द टाकते."

घरी तिने नवऱ्याला सांगितलं. तो घड्याळं दुरुस्त करायचा. सहा महिन्यांपासून त्याचा उजवा हात थरथरू लागला होता. बारीक चाकं चिमट्यातून निसटायची. आता नुसते पट्टे आणि सेल बदलण्यापुरतं दुकान उरलं होतं.

"जाऊन तर ये," तो म्हणाला. "नाही जमलं तर आहे ती आहेच की."

"आहे ती राहील का, अहो? औषधांच्या खिडकीवरच्या माणसाचं काय झालं, विसरलात?"

तो विसरला नव्हता. त्या माणसाने दुसरीकडे अर्ज केल्याचं कळलं तेव्हा साहेब म्हणाले होते, "एक पाय तिकडे ठेवलाय ना, मग दुसराही उचला." संध्याकाळी त्याचं कपाट रिकामं होतं.

म्हणून तिने कंपनीच्या अर्जात नुसतं 'एका इस्पितळात' असं लिहिलं आणि दाढ दुखते म्हणून अर्धी रजा काढली. मुलाखत घेणारा गृहस्थ तरुण होता, हसतमुख. त्याने तिला कोऱ्या करकरीत बोर्डासमोर बसवलं.

"घाबरू नका मावशी, एक फोन घेऊन दाखवा."

दिवा लागला. तिची पाठ आपोआप ताठ झाली, बोट खटक्यावर गेलं आणि तोंडून स्वच्छ, गोड आवाजात आपल्याच इस्पितळाचं नाव बाहेर पडलं.

खोलीतले सगळे खो खो हसले. तीही हसली. मग तिचं लक्ष गेलं. तो तरुण ते नाव लिहून घेत होता.

"तिथे विचारू नका हो. माझी नोकरी जाईल."

"छे छे, नुसती रीत असते मावशी. तुमचा आवाज पसंत आहे आम्हाला. तुमच्या साहेबांशी दोन शब्द बोललो की झालं. सोमवारी करतो फोन."

आज सोमवार होता.

साडेअकराला तिसरा दिवा लागला. तिने इस्पितळाचं नाव सांगितलं आणि पलीकडून तोच हसरा आवाज आला. तो कागद चाळत बोलत असावा. तिला त्याने ओळखलं नाही.

"तुमच्या मोठ्या साहेबांना द्या जरा."

साहेब जागेवर नाहीत. एवढंच म्हणायचं होतं. दिवसातून दहा वेळा साहेबच तिला ते म्हणायला लावत. पण स्वतःसाठी म्हणून तिने ते आजवर कधी म्हटलं नव्हतं. आणि म्हटलं तरी तो उद्या पुन्हा फोन करणारच होता.

"जोडते," ती म्हणाली.

लाइन जोडली गेली तरी बोट खटक्यावरच होतं. तसंच दाबून धरलं असतं तर शब्दन् शब्द कळला असता. तिने देवाचं नाव घेतलं आणि बोट उचललं. हात मांडीवर ठेवून एकात एक घट्ट धरले, तरी थरथरायचे थांबेनात. ह्यांनाही असंच होत असेल का, तिच्या मनात आलं. मग मुलीची फी आली, ते रिकामं कपाट आलं. बोर्डावर दोन दिवे शेजारी शेजारी जळत होते.

मिनिटभरात दोन्ही विझले. एवढ्यात? ती श्वास घेते न घेते तोच साहेबांचा दिवा लागला.

"ऑपरेटर!"

"जी, साहेब."

"हा कुणाचा फोन जोडलात? कुणा बाईंची चौकशी करत होता." त्यांनी नाव सांगितलं. तिचंच नाव, आडनावासकट. "म्हटलं, असं कोणी इथे नाही. काय एकेक लोक असतात, खोटंनाटं लिहून नोकऱ्या मागतात! असले फोन देत जाऊ नका मला."

ती वाचली होती. 'बरं' म्हटलं की संपलं. खुर्ची, बोर्ड, एक तारखेचा पगार, सगळं जिथल्या तिथे. तिकडे मात्र तिच्या अर्जावर एव्हाना फुली पडली असणार. आणि इकडे? इकडे तर ती कोणी नव्हतीच.

तिने खटका सोडला नाही.

"साहेब," ती म्हणाली, "ते माझं नाव आहे."

  साहेब काही म्हणणार, इतक्यात तिसरा दिवा लागला.

"थांबा साहेब, बाहेरची लाइन आहे." एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच तिने त्यांना थांबवून ठेवलं.

"बाई, बाबांना आत्ता तुमच्याकडे आणलंय म्हणतात," एक रडवेला आवाज म्हणाला. "कुठे नेलंय काही कळत नाही हो, कुणी नीट सांगत नाही..."

"रडू नका, ताई. मी आहे. आधी बाबांचं नाव सांगा. पूर्ण नाव, सावकाश."

तिने वही पुढे ओढली आणि एकेक अक्षर लिहून घेऊ लागली. साहेबांचा दिवा अजून तसाच जळत होता.