सहा महिने

सुशील वैरागडेने भाषण स्वतःच्या हाताने लिहून काढलं होतं. त्यातलं पहिलंच वाक्य होतं, 'मी आजारी आहे.'

मिहान उद्योगवसाहतीतल्या त्याच्या कंपनीत साडेतीनशे माणसं काम करत. दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणारी ही कंपनी पंधरा वर्षांपूर्वी नंदनवन वस्तीतल्या दोन खोल्यांत त्याच्यासह तिघांनी सुरू केली होती. बाहेरून पाहणाऱ्याला वाटे, या माणसाचं सगळं मनासारखं झालं. पण गेली चार वर्षं सकाळी उठून दात घासायचे म्हटले तरी त्याच्या जिवावर येई. न्हाणीघरात नळ सोडून तो अर्धा अर्धा तास स्टुलावर नुसता बसून राही. गोळ्या चालू होत्या. हे फक्त त्याच्या बायकोला, देवकीला, ठाऊक होतं.

उद्योजकांच्या मेळाव्यात मनाच्या आरोग्यावर बोलायचं आमंत्रण आलं, तेव्हा त्याने ठरवलं की आता खरं काय ते बोलून टाकायचं. कंपनीच्या प्रसिद्धीचं काम पाहणाऱ्या रितिकाने कागद वाचला आणि तिचे डोळे भरून आले. मग ती म्हणाली, "सर, खूप धाडसाचं आहे हे. फक्त 'आहे'च्या जागी 'होतो' करू या का? समोर गुंतवणूकदार बसलेले असतील, ते घाबरतील. आणि त्यातून बाहेर कसे आलात तेही हवं. सहा महिने लागले म्हणू. लोकांना आशा वाटते."

वाद घालायला अंगात बळ लागतं. "करा," सुशील म्हणाला.

भाषण गाजलं. त्याचा व्हिडिओ गावभर फिरला. मुखवटा नसलेला मालक, असं लोकांनी त्याखाली लिहिलं.

पुढच्याच आठवड्यात वंदना त्याच्या केबिनमध्ये आली. नंदनवनातल्या त्या तिघांमधली ती एक. आता सॉफ्टवेअर तपासणी विभाग तिच्या हाताखाली होता. तिने दार लावून घेतलं आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

"सुशीलभाऊ, मलेही तसंच होऊन राहिलं," ती म्हणाली. "वर्ष झालं. घरी कोणाले सांगतलं नाही. तुमचं भाषण ऐकलं अन् परवा डॉक्टरकडे गेली. गोळ्या देल्या त्यानं." तिने ओढणी सोडली. "सहा महिन्यांत खरंच बरं वाटते का हो?"

कितीतरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर जरा उजेड दिसत होता. खरं सांगितलं तर तो विझेल, असं सुशीलला वाटलं. आणखी एक विचार मनात आला, त्याची पुढे त्याला कायम लाज वाटत राहिली: ही बाहेर कुठे बोलली तर?

"वाटते न," तो म्हणाला. "हिंमत ठेव फक्त."

त्यानंतर कॅन्टीनच्या वाटेवर तो दिसला की वंदना हळूच बोटं वर करून दाखवी. दोन. मग तीन. चौथ्या महिन्यात ती हसली, पण ते हसू ओढूनताणून आणलेलं होतं. पुढे तिने बोटं दाखवणं सोडलं आणि त्यानेही विचारलं नाही. सातव्या महिन्याच्या पहिल्याच दिवशी तिचा दोन ओळींचा राजीनामा आला.

सुशील त्याच दुपारी बेसा भागातल्या तिच्या घरी गेला. तिच्या नवऱ्याने, रुपरावने, दार उघडलं. "तुमीच समजावा साहेब. गोळ्याही फेकून देल्या तिनं."

आतल्या खोलीत पडदे ओढलेले होते. त्याला पाहून वंदना उठून बसली, केस सारखे केले आणि सवयीनं म्हणाली, "चहा ठेवू?"

"राहू दे चहा. राजीनामा काहून देला?"

"तुमी एवढी मोठी कंपनी सांभाळून सहा महिन्यांत उठले, भाऊ. माह्याकडे तर एकच विभाग. तरी मले नाही जमलं. माह्यातच काही खोट आहे."

सुशील खाली सतरंजीवर बसला. "ते सहा महिने खोटे आहेत, वंदना. मी अजून बरा नाही. चार वर्षं झाली. आज सकाळीही मी नळ सोडून नुसता बसून होतो. रितिकानं ते भाषणात टाकलं, अन् मी टाकू देलं. तू विचारलं तवा तुयाशीही खोटं बोललो."

तिने सगळं ऐकून घेतलं. मग लेकराकडे पाहावं तशी त्याच्याकडे पाहून हसली. "तुमी लय चांगले आहात. मले बरं वाटावं म्हणून स्वतःले पाडून बोलून राहिले."

"देवाशप्पथ. देवकीले फोन लावू का? विचार तिले."

"वहिनी काय, तुमी सांगसान तेच बोलतीन. भाऊ, तो व्हिडिओ मले पाठ आहे. तसं बोलणारा माणूस आजारी राहूच शकत नाही."

सोमवारी त्याने सगळ्यांना कॅन्टीनमध्ये गोळा केलं आणि कागद न घेता उभा राहिला. "मी बरा झालो असं सांगतलं होतं. ते खोटं होतं. मी आजारी आहे." मग कोणीतरी टाळी वाजवली, पाठोपाठ सगळा हॉल वाजवू लागला. मागच्या बाजूची पोरं उभी राहिली. केवढा नम्र माणूस, असं एकजण शेजारच्याला म्हणाला, ते सुशीलला ऐकू आलं. "सर, हे रेकॉर्ड करायला हवं होतं," रितिका म्हणाली.

दुपारी रुपरावचा फोन आला.

"साहेब, वंदना आता जेवतही नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहते. म्हणते, माह्यापायी त्या देवमाणसाले खोटं बोला लागलं." तो घुटमळला. "राग नका मानू, पण तुमी आता घरी नका येऊ."

"बरं," सुशील म्हणाला. पलीकडून फोन ठेवल्याचं त्याला कळलं नाही. फोन तसाच कानाशी धरून तो बसला होता. दारावर टकटक झाली. नवीन दवाखान्याची माणसं भेटायला आली होती. त्याने फोन खाली ठेवला, उठला आणि हसून त्यांच्यासाठी दार उघडलं.