परिक्रमानाथांचा फिरता देव

गुरुवारी मंगळवार पेठेतल्या मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर परिक्रमानाथ महाराज तोंड मिटून बसले होते आणि देव बोलत होता. तोही एका जागी थांबून नाही! "भक्ता, मी..." हे उजवीकडून, "तुझ्या पाठीशी..." हे खरोखरच पाठीमागून आणि "आलो आहे!" हे डावीकडून. देवामागं माना फिरवून भक्तांच्या माना आखडत. मग महाराजांचा शिष्य पिराजी त्यावर तेल चोळून द्यायचा.

देव फिरला नाही तो एकट्या आक्कांसाठी.

"आवाज बारीक-मोठा हुतोय तेवढं कळतंय," त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या. "फिरत-बिरत काय न्हाय बघा."

महाराजांनी एक डोळा उघडला. "ज्याच्या घराला दोष, त्याच्याकडं देव पाठ फिरवतो!"

झालं! आक्कांच्या तानाबाईचं लग्न गणपतरावांच्या कृष्णातशी ठरलं होतं. गणपतराव तिथंच कृष्णातच्या शेजारून उठून उभे राहिले. "आक्का, दोषाच्या घरातली पोरगी आमास्नी नको. सोयरीक मोडली समजा."

एरवी म्हशीला आणि पोलिसाला एकाच आवाजात दटावणाऱ्या आक्का रडत घरी आल्या. शेजारच्या विमलाबाई हायस्कुलात विज्ञान शिकवायच्या. त्या आक्कांच्या डावीकडं बसून समजूत घालू लागल्या.

"हिकडनं बोला की," आक्कांनी मान वळवली. "डावा कान ल्हानपणीच गेलाय माझा."

विमलाबाई हसू लागल्या. "आक्का, दोष घरात नाही, कानात आहे! आवाज कुठून आला, हे दोन्ही कान मिळून ठरवतात."

पुढच्या गुरुवारी देव बोलू लागताच विमलाबाई कापसाचा पुडा घेऊन खुर्चीवर चढल्या.

"मंडळी, डाव्या कानात बोळा घाला, वर बोट दाबा आणि डोळे मिटा."

"पाखंड! भस्म व्हाल!" महाराज ओरडले. पण गणपतरावांचं बोट कानात गेलं होतं.

"आयला! देव थांबला की!"

"माझाबी थांबला!"

"म्हंजे समद्या पेठेलाच दोष लागला व्हय?" आक्कांनी विचारलं.

सगळ्यांनी बोळे काढले, तर देवाला काय झालं कुणास ठाऊक, तो उजवीकडून डावीकडं नुसता पळत सुटला! विमलाबाईंनी कोपऱ्यातली तसबीर ओढली. मागं स्पीकर. चारी कोपऱ्यांतल्या तसबिरींमागं एकेक, आणि वायरी थेट महाराजांच्या पाठीमागच्या पडद्याआड. तिथं पिराजी टेपरेकॉर्डरपुढं घामाघूम होऊन चार बटणं पिळत बसलेला.

"या पावणं," तो कसाबसा म्हणाला.

विमलाबाईंनी स्वतः बटणं फिरवून दाखवली. "आवाज चारी पेट्यांत एकच. एकीतला कमी करत शेजारच्या पेटीतला वाढवला, की तो चालत गेल्यासारखा वाटतो. त्या बाजूच्या कानाला तो जास्त मोठा आणि किंचित आधी पोचतो, त्यावरून मेंदू दिशा धरतो. मुंबईच्या बड्या थेटरांतही असाच आवाज फिरवतात. फक्त ते त्याला सिनेमा म्हणतात!"

हशा पिकला. तेवढ्यात महाराज मागच्या दारानं निसटले.

गणपतराव आक्कांच्या दारात आले. "चुकलं माझं. लगीन ठरल्यापरमानं करू."

"मला न्हाय, पोरीला इचारा."

तानाबाई बाहेर आली. "मामंजी, माझ्या घराला दोषी म्हणताना कृष्णात का गप बसलं? त्यांनी सोता येऊन सांगावं."

कृष्णात आला, त्यानं माफी मागितली, आणि मगच तानाबाईच्या होकारानं मुहूर्त धरला.

मंडळी, अद्भुत आवाज जरूर ऐकावा, त्याची मजाही घ्यावी. पण त्याच्या सांगण्यावरून कुणाचं लग्न मोडण्याआधी उठावं आणि पडद्यामागं कोण बसलंय ते बघावं. त्यात देवाचा अपमान नाही. आपल्या डोक्याचा मान आहे.