सगुणेची जागा

मढच्या कोळणींची अंधेरीच्या बाजारात एक रीत होती. सासू थकली की फूटपाथवरची आपली जागा सुनेला द्यायची. समुद्राचं पाणी आणून फरशी धुवायची, कोयत्याला हळदकुंकू लावायचं आणि सुनेला हाताला धरून बसवायचं. त्यानंतर सासू त्या जागेवर परत बसत नसे.

सोनूबाईने सुनेसाठी, सगुणेसाठी, नारळी पौर्णिमेनंतरचा शुक्रवार धरला होता. गुरुवारीच सगुणा मासळीची दुसरी पाटी घेऊन बसथांब्यावरून येत होती. सोनूबाईच्या जागेला लागून कोकणी मेव्याचं दुकान, आणि दुकानासमोर फूटपाथवर स्कूटर आडवी लावलेली. सगुणा खाली रस्त्यावर उतरली. डोईवर भरली पाटी असली की बाईला मान फिरवता येत नाही. सगळं जग तिच्या समोर असतं, मागे काहीच नसतं. मागून टेम्पो उलटा येत होता.

बाजाराने पापलेटं गोळा केली. कुणीतरी चादर आणली.

दहाव्याला सोनूबाई रडली ती गाऊनच रडली:

सगुणे गो माझे बाये, तुझ्या डोईवं पाटी,
मागं वलून बघाया मान मोकली नव्हती.

तिचा मुलगा धर्मा भिंतीला टेकून ऐकत होता. बायको गेल्यापासून त्याने होडी पाण्यात घातली नव्हती.

गणपती गेले, आणि पालिकेचे साहेब बाजार बघायला आले. भर रस्त्यात माणसं गोळा झाली.

"साहेब, पहिलं ह्या मच्छीवाल्यांना उठवा," कापडवाला चंद्रप्रकाश म्हणाला. "माणूस चालणार कुठनं?"

"तुमच्या स्कूटरी उठव आधी!" सोनूबाईच्या शेजारी बसणारी सरूबाई उसळली. "आमच्या मासलीला वास येतो म्हनं. तुमच्या स्कूटरी काय अत्तर सोडतात रे?"

हशा झाला. साहेब मात्र हसले नाहीत. "कडेने लोखंडी पाइप रोवू, म्हणजे गाडी वर चढणारच नाही. गाड्या मागच्या मैदानात, मासळी मागच्या शेडमध्ये. पण उठायचं तर सगळ्यांनी. एक जरी अडून बसला, तरी काम होणार नाही."

सगळे सोनूबाईकडे बघू लागले. जिची सून गेली तिच्यापुढे कोण बोलणार?

मेव्याच्या दुकानातून दशरथ बाहेर आला. गिरणीतली नोकरी सुटल्यावर त्याने हे दुकान टाकलं होतं. त्या दिवशीची स्कूटर त्याचीच.

"मावशी, स्कूटर इकून टाकलंय मी," तो म्हणाला. "माका शिव्या घाल. मार व्हया तर. पण अशी गप रवू नको."

सगुणा त्याला बोंबील निवडून द्यायची, वर दोन जास्तीचे टाकायची. सोनूबाई त्याच्याकडे वळली.

"तुला शिव्या देऊन काय करू, बाबा? अर्धी वाट तुझ्या स्कूटरनं अडवलेली, अर्धी माझ्या पाट्यांनी. तिला वर चालाया आपन जागाच ठेवली नाय."

"येडी झालीस काय गो?" सरूबाईने तिचा दंड धरला. "तुझ्या सासूची जागा ती!"

"सासूची व्हती. मग माझी. पुढं कोनाची, सांग ना?"

सरूबाईने तिचा दंड सोडला.

सोनूबाईने कोयता पुसून फडक्यात गुंडाळला. गुडघ्यावर हात टेकून ती उठली, आणि सगळ्यांच्या आधी आपली पाटी तिने आपल्याच डोईवर घेतली.

दिवाळीपर्यंत पाइप लागले. फूटपाथवरून शाळेची पोरं हातात हात घालून जाऊ लागली, काठीवाले म्हातारे मधूनच थांबून दम घेऊ लागले, जणू हे कायमचं असंच होतं. मागच्या शेडमध्ये अंधार, गिऱ्हाईक कमी. सरूबाई सोनूबाईकडे पाठ करून बसायची.

एका सकाळी सोनूबाई पाटी घेऊन बसथांब्यावरून आली. दशरथच्या दुकानाशी पोचली आणि तिचं पाऊल अडलं. तिच्या जुन्या जागेवरची फरशी नवी होती, कोरडी, कसलाच वास नसलेली. तिच्यावरून सगळे चालत होते. सोनूबाईला चालवेना. दोन पाइपांमधून ती खाली रस्त्यावर उतरली. एक रिक्षा करकचून थांबली.

"ओ आजी!" फूटपाथवरून एक कॉलेजातली पोरगी ओरडली. "वरनं चला ना! फूटपाथ कशाला केलाय मग?"

ते ऐकून दशरथ दुकानातून धावत आला. तिला वर ये म्हणाला नाही. रस्त्याच्या बाजूने तिच्याशेजारी चालू लागला, गाड्यांना हात आडवा करत. तेवढ्या फरशा संपल्यावर ती वर चढली आणि तो परत फिरला.

दुसऱ्या दिवशी ती बसमधून उतरली, तेव्हा तो रस्त्यात येऊन उभा होता.